व्यालेल्या सांडणीचं रक्त तपासताना: चरणाऱ्या उंटांचे नमुने कधी घ्यायचे, कसे घ्यायचे आणि रिपोर्ट कसा वाचायचा

बिकानेर-जैसलमेर-कच्छ साईडला फील्डवर्कसाठी जाणारी आपली व्हेटची पोरं आता बरीच दिसतात, कुणी एमव्हीएससीच्या प्रोजेक्टला, कुणी एनजीओबरोबर, आणि त्यांचा ठरलेला प्रश्न असतो की सांडणी (उंटाची मादी) व्यायल्यानंतर तिचं रक्त बघितलं तर पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा हिस्सा किती टक्के) २४ आलाय, हा कमी म्हणायचा का नॉर्मल? उत्तर असं आहे की नुसत्या त्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. ती किती दिवसांपूर्वी व्यायली, महिना कुठला, आणि शेवटचं पाणी कधी प्यायली, ही तीन उत्तरं सोबत नसतील तर तो आकडा वहीत लिहूनही उपयोग नाही. हा लेख त्यासाठीच लिहिलाय, सगळं क्रमाने सांगतो, जिथे जास्त गडबड होते तिथे जास्त वेळ घेणार आणि जे कुठल्याही पुस्तकात सापडतं ते पटकन उरकणार.

आधीच सांगतो, रक्त काढायचं काम रजिस्टर्ड पशुवैद्यकानेच किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचं. रिसर्चसाठी असेल तर कॉलेजच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी आधी, सुई नंतर.

आधी कॅलेंडर समजून घ्या

उंट गाय-म्हशीसारखा वर्षभर कधीही वीत नाही. राजस्थानात माजाचा सीझन थंडीचा, साधारण नोव्हेंबर-डिसेंबर ते मार्च, आणि गाभण काळ जवळपास १३ महिन्यांचा, म्हणजे विण्याचा हंगामही फिरून थंडीतच येतो, बहुतेक सांडण्या जानेवारी ते मार्चच्या दरम्यान वितात. आता यातली गोम बघा. फेब्रुवारीत व्यालेल्या सांडणीचा पहिला महिना गार हवेत जातो, तिसरा-चौथा महिना येतो तो मे-जूनच्या ४५ डिग्रीत, आणि सहावा-सातवा महिना पावसाळ्यात, म्हणजे माश्या, गोचीड, जंत सगळं एकदम. त्यामुळे तुम्ही जर फक्त व्यालेल्या जनावरांचे नमुने घेत गेलात आणि जूनमध्ये आकडे बदललेले दिसले, तर ते ऊन लागल्यामुळे बदलले का दूध देऊन देऊन बदलले हे कुणीच सांगू शकत नाही, कारण त्या कळपात दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतायत. 'विण्यानंतर अमुक इतक्या दिवसांनी हिमोग्लोबिन घटतं' असं कुणी लिहिलेलं दिसलं की मी पहिल्यांदा बघतो सोबत न व्यालेल्या सांडण्या घेतल्या होत्या का. घेतल्या नसतील तर तो निष्कर्ष मी बाजूला ठेवतो.

याचा उपाय कळपातच असतो. सांडणी दोन वर्षांतून एकदा वीते, त्यामुळे कुठल्याही टोळ्यात (राईका, म्हणजे तिथले परंपरेने उंट पाळणारे लोक, उंटांच्या कळपाला टोळा म्हणतात) यंदा न व्यालेल्या माद्या असतातच. त्याच रानात चरणाऱ्या, त्याच टाक्यावर पाणी पिणाऱ्या, अशा पाच-सहा सांडण्यांचे नमुने त्याच सकाळी घ्यायचे. फक्त एक काळजी घ्या, गेल्या वर्षी व्यालेली सांडणी यंदाच्या उन्हाळ्यात बहुतेक पुन्हा गाभण असते, आणि गाभण जनावराचं रक्तही थोडं वेगळं वागतं, म्हणून तपासून 'खाली', म्हणजे गाभण नसलेल्या, किंवा अजून एकदाही न व्यालेल्या तरण्या माद्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर गाभण घ्या, पण वहीत 'गाभण, अंदाजे इतके महिने' असं स्पष्ट लिहा.

नमुन्यांचे दिवस असे ठरवा: व्यायल्यापासून २४ तासांच्या आत एक, मग सातवा दिवस, पंधरावा, तिसावा, साठावा, नव्वदावा, आणि त्यानंतर दर दोन महिन्यांनी, वर्ष पूर्ण होईपर्यंत. पहिला नमुना बऱ्याचदा हुकतो कारण सांडणी रानात एकटी लांब जाऊन वीते आणि तुम्हाला कळतं दुसऱ्या दिवशी दुपारी. हुकला तर हुकला, अंदाजाने तारीख मागे ढकलू नका. जमलं तर जानेवारीत व्यालेल्या आणि मार्चअखेर व्यालेल्या असे दोन गट ठेवा, मग मेमध्ये एक गट चौथ्या-पाचव्या महिन्यात असेल आणि दुसरा दुसऱ्यात, ऋतू तोच, दूध देण्याचा टप्पा वेगळा. एवढ्या एका गोष्टीने डेटाची किंमत दुप्पट होते.

पाणी प्यायच्या आधी, सकाळी

उन्हाळ्यात चरणारे उंट तीन-चार दिवसांनी पाण्यावर येतात, कधी त्याहूनही उशिरा. थंडीत हिरवा पाला भरपूर असेल तर कित्येक दिवस पाण्याचं नावही काढत नाहीत. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटरच्या पुढे पाणी ओढतो, आणि ते पाणी पोटातून हळूहळू, तासन्‌तास घेत रक्तात उतरतं. म्हणजे पाण्याच्या आधी घेतलेला नमुना आणि दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना यांत पीसीव्हीचा फरक पडणारच, आणि त्याचा रक्त वाढण्या-घटण्याशी काहीही संबंध नाही, फक्त पातळ झालं.

म्हणून नियम एकच ठेवा: सगळे नमुने सकाळी, चरायला सोडायच्या आधी, पाणी पाजायच्या आधी. टोळ्याच्या मालकाला आदल्या दिवशीच विचारा पाणी कधी पाजलं होतं आणि उद्या कधी पाजणार, आणि ते तासांत लिहा, 'शेवटचं पाणी ६० तासांपूर्वी' असं.

सकाळचा आग्रह तापमानासाठीही आहे. पाण्याचा ताण असलेल्या उंटाचं अंगाचं तापमान उन्हाळ्यात पहाटे ३४ डिग्री सेल्सियसपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० च्या वर जातं, तो घाम वाचवायला दिवसभराची उष्णता अंगात साठवतो आणि रात्री सोडून देतो. दुपारी थर्मामीटर लावून '४० आहे, ताप आहे' असं म्हणालात तर राईका हसेल. पहाटे ३९ च्या वर दिसलं तर मात्र खरंच काहीतरी आहे.

जनावर बसवणं आणि सुई

सांडणीला तिच्या नेहमीच्या माणसानेच बसवायचं. अनोळखी माणूस नाकाच्या गिरबाणला (नाकातल्या खुंटीला) हात घालायला गेला की ती बिथरते, आणि नुकती व्यालेली असेल तर चावते सुद्धा, आणि उंटाचा चावा साधा नसतो. पिल्लू, म्हणजे तिथल्या भाषेत टोडिया, तिच्या नजरेसमोरच राहू द्या. पिल्लू आडोशाला नेलं की ती ओरडत उठायला बघते.

हे फक्त आपल्या सेफ्टीसाठी नाही. जनावर घाबरलं, झटापट झाली की ॲड्रेनलिन वाढतं, प्लीहा आकुंचन पावते आणि तिथे साठलेल्या लाल पेशी रक्तात येतात, पांढऱ्या पेशीही शिरेच्या भिंतींवरून सुटून प्रवाहात येतात, मग पीसीव्ही वाढलेला, न्यूट्रोफिल वाढलेले, लिम्फोसाइटही वाढलेले (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), आणि तुम्ही लिहिणार 'पावसाळ्यात वाढ दिसली'. पकडायला दहा मिनिटं धावपळ झाली असेल तर अर्धा-पाऊण तास शांत बसू द्या, तरीही रिमार्कमध्ये लिहा.

पुढचे पाय गुडघ्यात दोरीने बांधून बसलेल्या स्थितीत, मान जरा ताणून, जुग्युलर व्हेनमधून रक्त घ्यायचं. मानेची कातडी जाड असते आणि थंडीत केसही दाट, त्यामुळे जागा कापून साफ केली नाही तर शीर हाताला लागत नाही. स्पिरिटने पुसा, वाळू द्या. शिरेवर खालच्या बाजूने अंगठा दाबला की ती भरून येते. १८ गेजची दीड इंची सुई ठीक. ईडीटीएच्या (हे रसायन रक्त गोठू देत नाही) जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ३ मिली आणि साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ५ मिली, एवढं पुरतं. चारशे-पाचशे किलोच्या जनावराला त्याने काहीही फरक पडत नाही, पण मालकाला आधी ट्यूब दाखवून सांगा की इतकंच घेणार, नाहीतर पुढच्या वेळी टोळा दुसऱ्या रानात गेलेला असेल.

ईडीटीएची ट्यूब आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका. सुई काढल्यावर बोटाने जरा वेळ दाबून धरा. ग्लोव्हज घालाच, आणि जार जमिनीवर पडली असेल तर उघड्या हाताने उचलू नका, ब्रुसेल्ला उंटातही असतो आणि तो माणसाला लागतो.

तिथल्या तिथे करायची दोन कामं

पहिलं, स्लाइड. ट्यूबमधल्या रक्ताच्या पेशी तासांगणिक बिघडतात, त्यामुळे स्मिअर जागेवरच ओढायचा, प्रत्येक जनावराच्या दोन स्लाइड, वाळवून मिथेनॉलमध्ये फिक्स. वाळवंटात वारा असतो, वाळूचा एक कण बसला की स्लाइडवर रेघ पडते, म्हणून जीपच्या आत किंवा डब्याच्या आडोशाला बसून करा. पेन्सिलने काचेच्या खडबडीत कडेवर नंबर आणि तारीख, मार्कर पेनने नको, मिथेनॉलमध्ये तो पुसला जातो.

दुसरं, पीसीव्ही आणि बफी कोट. बॅटरीवर चालणारं छोटं मायक्रोसेंट्रिफ्यूज मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर दोन-तीन तासांत पोचता येईल अशा पशुवैद्यकीय दवाखान्यात. कॅपिलरी ट्यूब भरा, एक तोंड क्लेने बंद करा. इथे एक लक्षात ठेवायचं, उंटाच्या लाल पेशी लांबट, चपट्या असतात आणि एकावर एक चळत लावून बसत नाहीत, त्यामुळे त्या नीट दाबल्या जायला वेळ लागतो. माणसाच्या रक्ताला आपण पाच मिनिटं फिरवतो, उंटाला दहा द्या. कमी फिरवलं की लाल स्तंभ उंच राहतो आणि पीसीव्ही उगाच जास्त येतो. याच कारणाने उंटाचा ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) जवळपास काहीच येत नाही, ती टेस्ट सांगूच नका.

आता कॅपिलरी बाहेर काढल्यावर नीट बघा. खाली गडद लाल, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि दोन्हींच्या मध्ये एक बारीक पांढुरकी रेघ. ती रेघ म्हणजे बफी कोट, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. ट्यूब स्लाइडवर आडवी चिकटवा, कंडेन्सर खाली घ्या म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढेल, आणि १० च्या ऑब्जेक्टिव्हने ती रेघ जिथे प्लाझ्माला भिडते तिथे नजर लावा. सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग, पुढे येईल) असेल तर त्या सीमेवर प्लाझ्मा थरथरताना दिसतो, परजीवी स्वतः धड दिसत नाहीत पण त्यांची वळवळ दिसते, एकदा बघितली की विसरत नाही. यासाठी रक्त ताजं हवं, जास्त वेळ पडून राहिलं की ते मरतात आणि हालचाल थांबते.

मग बफी कोटच्या वर कॅपिलरी मोडून प्लाझ्माचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाका, टोटल प्रोटीन मिळेल. ही अर्ध्या मिनिटाची टेस्ट लोक टाळतात आणि मग पीसीव्हीचा अर्थ लावताना अंधारात चाचपडतात, का ते पुढे येईल. उरलेल्या ट्यूब थर्मासच्या डब्यात, आइसपॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये कापड किंवा पेपर ठेवून, कारण रक्ताचा बर्फ झाला तर पेशी फुटतात. त्याच दिवशी लॅब, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

लॅबमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात त्या मशीनवर

तालुक्याच्या ठिकाणी ओळखीची पॅथॉलॉजी लॅब असते, ते म्हणतात द्या ट्यूब, दोन मिनिटांत सीबीसी काढून देतो. आणि रिपोर्ट येतो: आरबीसी (लाल पेशी) कमी, प्लेटलेट प्रचंड, खाली लाल अक्षरांत वॉर्निंग. जनावराला काहीही झालेलं नसतं. माणसाच्या लाल पेशीचा आकार, म्हणजे एमसीव्ही, ८० ते १०० फेम्टोलिटर, उंटाच्या पेशीचा ३० च्या आसपास. माणसाच्या सेटिंगवरचं मशीन एवढ्या बारक्या पेशी बघून त्यांना प्लेटलेट समजतं किंवा मोजतच नाही.

दुसरी अडचण अशी की उंटाची लाल पेशी सहजासहजी फुटत नाही. निसर्गाने तिला बनवलंच असं आहे की एकदम शंभर लिटर पाणी प्यायल्यावरही ती फुगेल पण फुटणार नाही, मूळ आकारमानाच्या २४० टक्क्यांपर्यंत फुगून टिकल्याची नोंद आहे. हाच गुण लॅबमध्ये आडवा येतो, कारण पांढऱ्या पेशी मोजायच्या आधी आणि हिमोग्लोबिन काढायच्या आधी लाल पेशी फोडाव्या लागतात, त्या अर्धवट फुटल्या तर डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) वाढीव दिसतं. त्यामुळे व्हेटर्नरी मशीन आणि त्यात उंटाची सेटिंग असेल तरच मशीन वापरा, आणि तरी दर दहा नमुन्यांमागे एक हाताने मोजून ताडा.

हाताने मोजणं कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. न्यूबॉअर चेंबर, आरबीसीसाठी हेयम फ्लुइडमध्ये १:२०० डायल्यूशन, मधल्या मोठ्या चौकोनातले पाच चौकोन मोजायचे आणि १०,००० ने गुणायचं. समजा ९०० पेशी मोजल्या, तर ९० लाख. माणसात ५० लाखांच्या आसपास असतात, म्हणून पहिल्यांदा मोजणाऱ्याला वाटतं काहीतरी चुकलं, पण उंटाच्या पेशी बारीक आणि संख्येने जास्त, ७० लाख ते १ कोटी १० लाखांपर्यंत आरामात. डब्ल्यूबीसीला १:२०, चार कोपरे, गुणिले ५०, आणि चेंबरला लावायच्या आधी टर्क फ्लुइडमध्ये जरा जास्त वेळ राहू द्या.

मग ताळा करा. पीसीव्ही २८, आरबीसी ९० लाख, तर २८ गुणिले १० भागिले ९, एमसीव्ही ३१. हिमोग्लोबिन १२ असेल तर १२ गुणिले १०० भागिले २८, एमसीएचसी (लाल पेशींमधलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) जवळपास ४३. माणसाच्या रिपोर्टमध्ये ४३ आलं तर टेक्निशियन नमुना परत मागवतो, उंटात मात्र हाच आकडा नॉर्मल आहे. याउलट एमसीव्ही ४५ किंवा एमसीएचसी ३० आलं तर उंट नाही, मोजणी तपासा.

बाकी साधारण पल्ला असा धरा, लॅबप्रमाणे थोडा मागे-पुढे होतो: पीसीव्ही २५ ते ३५, हिमोग्लोबिन ११ ते १५, पांढऱ्या पेशी ८ ते १८ हजार, त्यात न्यूट्रोफिल निम्म्याच्या आसपास किंवा जास्त, लिम्फोसाइट तिसरा हिस्सा ते त्याच्या थोडं वर, इओसिनोफिल काही टक्के. डिफरन्शियल काउंट हातानेच, स्मिअरवर, आणि १०० ऐवजी २०० पेशी मोजा, कारण इओसिनोफिलसारख्या थोड्या असणाऱ्या पेशींचा १०० मधला आकडा फार डुलतो. आणि टक्क्यांवर थांबू नका, एकूण डब्ल्यूबीसीने गुणून प्रत्यक्ष संख्या काढा. लिम्फोसाइट ४० वरून २५ टक्के झाले म्हणजे ते घटलेच असं नाही, न्यूट्रोफिल वाढल्यानेही तसं दिसतं.

आता वाचायचं कसं

पहिले दोन दिवस. विण्याच्या ताणाने कॉर्टिसॉल वाढतं, त्याची सही रक्तात ठरलेली: न्यूट्रोफिल वर, लिम्फोसाइट खाली, इओसिनोफिल जवळपास गायब. हे आजारपण नाही. आठवड्याभरात बसायला पाहिजे. सातव्या-दहाव्या दिवशीही न्यूट्रोफिल चढेच असतील, त्यात अपरिपक्व बँड पेशी दिसत असतील, तर रक्ताचे आकडे बाजूला ठेवा आणि जनावराकडे बघा, जार पूर्ण पडली होती का, स्राव घाण वास मारतोय का, कास एका बाजूने गरम आहे का. सांडणीची जार सहसा विल्यानंतर तास-दोन तासांत पडते, अडकणं दुर्मिळ, म्हणूनच अडकली तर हयगय नको.

दुसरा आठवडा ते दोन महिने. पीसीव्ही आणि हिमोग्लोबिन जरा उतरलेले दिसू शकतात, विताना गेलेलं रक्त, दुधासाठी वाढलेला प्लाझ्मा, आणि खाण्यापेक्षा देणं जास्त. पण हा उतार खरा आहे का ते तुमच्या खाली सांडण्याच सांगणार. त्याही तितक्याच उतरल्या असतील तर कारण चाऱ्यात शोधा, विण्यात नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये खेजडीचा, म्हणजे आपल्या शमीचा, सुकवून ठेवलेला पाला (तिथे लूंग म्हणतात) संपत आलेला असतो, आणि टोळा केर, जाल, लाणा अशा झुडपांवर निघतो, हा बदल सगळ्याच जनावरांना एकदम लागू होतो.

एप्रिल ते जून. इथे रिफ्रॅक्टोमीटर कामाला येतो. समजा एका सांडणीचा पाण्याआधीचा पीसीव्ही ३१ आणि टोटल प्रोटीन ८.२ आहे, आणि पाणी पाजल्यावर दुसऱ्या दिवशी पीसीव्ही २७, प्रोटीन ७. दोन्ही एकत्र खाली आले म्हणजे रक्त फक्त पातळ झालं, खरा पीसीव्ही २७ च्या जवळचा आहे. आता दुसरी समजा, तहानलेली असून पीसीव्ही २५ आणि प्रोटीन ८.४. ही धोक्याची आहे, कारण रक्त घट्ट झालेलं असतानाही २५ च दिसतंय, पाणी पाजल्यावर ती २१-२२ वर उतरणार. म्हणजे उन्हाळ्यात ॲनिमिया लपतो, आणि नुसत्या पीसीव्हीवर विसंबणारा माणूस 'सगळं नॉर्मल' लिहून मोकळा होतो. उंट प्लाझ्माचं आकारमान बराच काळ सांभाळतो हे खरं, त्यामुळे फरक गाय-घोड्याइतका टोकाचा नसतो, पण असतो. जाता जाता, तहानलेली सांडणी दूध आटवण्याऐवजी ते पातळ करून पिल्लाला पाणी पुरवते, तेव्हा दुधाळ सांडणीचं पाण्याचं गणित खाली जनावरापेक्षा आणखी कडक असतं, तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

जुलै ते ऑक्टोबर. माझ्या मते वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका याच वेळी रस्ते चिखलाचे असतात म्हणून लोक नमुने बुडवतात. पावसात हिरवं येतं, खाणं सुधारतं, त्यामुळे निरोगी जनावराचं रक्त सुधारायलाच हवं. खाली सांडण्यांचा पीसीव्ही वर येतोय आणि व्यालेल्यांचा येत नाही, तर दुधाचा भार अजून चालू आहे असं धरा. एखादीचा एकटीचाच घसरतोय तर सर्रा किंवा जंत. सर्रा, म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, मोठ्या चावऱ्या गोमाश्यांमधून पसरतो आणि त्या पावसाळ्यात आणि नंतर उठतात. राजस्थानात या रोगाला तिबरसा म्हणतात, तीन वर्षं जनावराला कुरतडतो म्हणून. ताप येतो-जातो, कुबड बसतं, पोटाखाली सूज, गाभण असेल तर गाभडते. रक्तात पीसीव्ही सावकाश उतरतो, लिम्फोसाइट आणि मोनोसाइट बऱ्याचदा वाढतात. एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून सोडू नका, परजीवी रक्तात लाटेने येतात, दोन-तीन दिवस पहाटे पुन्हा बघा, आणि जमत असेल तर कार्ड ॲग्लुटिनेशन टेस्ट किंवा पीसीआर.

उपचार डॉक्टरांनीच ठरवायचा, उंटात सहसा क्विनापायरामाइन वापरतात. गायी-म्हशींसाठी जे डिमिनॅझिन सर्रास टोचलं जातं ते उंटाला सोसत नाही, जीवावर बेतू शकतं, हे विदर्भात कच्छी रबारींचे उंट बघणाऱ्या आपल्या डॉक्टरांनी खास लक्षात ठेवावं, कारण आपल्याकडे व्हॅनमध्ये बहुतेक तेच असतं. आणि हा परजीवी माणसाला लागत नाही असं शिकवलं जायचं, पण जगातली पहिली पक्की सिद्ध झालेली मानवी केस आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची आहे, २००४ सालची. त्याच्या रक्तात या परजीवीला मारणारं एक नैसर्गिक प्रोटीन जन्मतः नव्हतं, सुरामिन देऊन तो बरा झाला. तेव्हा वळवळ दिसली म्हणून उत्साहात फुटकी कॅपिलरी उघड्या बोटाने उचलायची नाही.

जंतांचं म्हणाल तर पोटातला हिमॉन्कस रक्त पितो, त्यात पीसीव्हीसोबत टोटल प्रोटीनही घसरतं. सर्रात सहसा प्रोटीन घसरत नाही, उलट ग्लोब्युलिन वाढल्याने चढतं. फरक करायला ही एक चांगली खूण आहे, शिवाय शेणाची तपासणी करून खात्री करा आणि मगच औषध.

नोव्हेंबर ते जानेवारी. खरूज. दाट केस, गार हवा, रात्री जनावरं चिकटून बसतात, किडा पसरतो. इओसिनोफिल वाढलेले दिसले की आधी मांडीच्या आतली बाजू, कासेजवळची आणि डोक्याची कातडी हाताने चाचपा. एव्हाना व्यालेल्या सांडणीचा पीसीव्ही खाली सांडण्यांच्या जवळ आलेला असायला हवा.

वही, एक्सेल आणि मालक

एक्सेलमध्ये प्रत्येक नमुन्याची एक ओळ: जनावराचा नंबर, वय, कितवं वेत, विल्याची तारीख, नमुन्याची तारीख आणि वेळ, शेवटचं पाणी, पहाटेचं तापमान, त्या आठवड्यात काय चरतायत, दूध पिल्लूच पितं का काढतातही, पकडताना दंगा झाला का, मग आकडे. ग्राफ काढताना आडव्या अक्षावर एकदा विल्यापासूनचे दिवस घ्या आणि एकदा कॅलेंडरचे महिने घ्या, दोन वेगळे ग्राफ. जो चढ-उतार पहिल्या ग्राफमध्ये सगळ्या सांडण्यांचा एका रेषेत येतो तो विण्याचा, जो दुसऱ्यात एका रेषेत येतो तो ऋतूचा. स्टॅटिस्टिक्स नंतर करा, पण हे दोन ग्राफ डोळ्यांनी बघितल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडू नका. प्रत्येक जनावर दर वेळी तेच आहे, म्हणून रिपीटेड मेझर्सवालं मॉडेल लागेल, साधी टी-टेस्ट चालणार नाही.

अडलात तर बिकानेरजवळ जोडबीडला १९८४ पासून उंटांवर काम करणारं राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे, आधी पत्र टाकून मग जा, उंटाची सेटिंग असलेलं मशीन किंवा सर्राची टेस्ट कुठे होईल याची विचारणा पहिल्यांदा तिथे करा. २०१९ च्या पशुगणनेत देशात उंट उरलेत जेमतेम अडीच लाख, २०१२ पेक्षा ३७ टक्क्यांनी कमी, त्यामुळे ज्याच्याकडे तीस-चाळीस सांडण्यांचा टोळा आहे तो माणूस तुमच्या प्रोजेक्टपेक्षा मोठा आहे हे ध्यानात असू द्या. पीसीव्ही आणि बफी कोटचा निकाल त्याला त्याच दिवशी, तोंडी, त्याच्या सांडणीच्या नावानिशी सांगायचा, 'हिला सर्रा आहे, डॉक्टरला आज बोलवा, तोवर या दोघी बाजूला बांधा' असं. पेपर छापून येईपर्यंत थांबलात तर ती सांडणी गाभडलेली असेल.